शब्दांविना नाताळ: तुमच्या आवडीचं वाद्यसंगीत सांगा (आणि एक कोडं सोडवा)

मसुंदाकाठ | १ डिसेंबर, रात्री १०:५०

दर वर्षी १ डिसेंबरला आमच्या घरात घोडा खिंकाळतो. बायको आतून विचारते, "आलं का तुझं घोडं?" मग मी पंखा चारवरून तीनवर आणतो. ठाण्यातला हिवाळा इथून सुरू होतो.

हा घोडा लीरॉय अँडरसनच्या 'स्ले राइड'च्या अगदी शेवटी येतो. खरा नाही, ट्रंपेटवाला. कळा पूर्ण न दाबता अर्ध्यावर धरायच्या आणि स्वर घसरवायचा, की झाली खिंकाळी. टापा म्हणजे पोकळ लाकडी ठोकळे. चाबूक म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या फाडकन मिटवणं. डोळ्यांपुढे बर्फातून दौडणारी घसरगाडी उभी राहते. आणि गंमत ही की अँडरसननी हे लिहायला घेतलं १९४६च्या जुलैत, कनेटिकटमध्ये, उन्हाने जीव नकोसा झालेला असताना. पूर्ण व्हायला फेब्रुवारी १९४८ उजाडला आणि बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाने ते पहिल्यांदा वाजवलं मे महिन्यात. तेव्हा घामाघूम होऊन बर्फाचं संगीत ऐकणारा मी काही जगावेगळा नाही.

मी ठाण्यातल्या चरईत वाढलो. शाळा मराठी, घरात भावगीतं नि नाट्यगीतं. नाताळशी नातं एवढंच की गॅलरीच्या त्या टोकाला एक आंटी राहायच्या. दिवाळीत आमच्या चकल्या तिकडे जायच्या आणि डिसेंबरात त्याच ताटलीतून दोदोल आणि कुलकुल्स इकडे यायच्या. रिकामी ताटली परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा नियम. त्यांच्याकडे डिसेंबरभर एकच कॅसेट लागायची. आम्हा पोरांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या कॅसेटवर इंग्रजी नव्हतंच. नुसती वाद्यं. म्हणून आम्ही दाराच्या चौकटीला टेकून खुशाल ऐकायचो.

माझं मत (भांडायला मोकळे आहात): नाताळच्या गाण्यांत शब्द आडवे येतात. शब्द आले की मला दुसऱ्याच्या देवघरात चपला घालून शिरल्यासारखं होतं. नुसती धून असली की तो अवघडलेपणा जातो. शिवाय यातली कितीतरी गाणी जन्मली तीच बिनशब्दांची. 'स्ले राइड'ला शब्द चिकटले १९५० साली.

आता माझ्या लाडक्या तबकड्या.

पहिली अर्थात 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस', विन्स ग्वराल्डी, १९६५. 'पीनट्स' या चित्रपट्टीवरच्या अर्ध्या तासाच्या टीव्ही कार्यक्रमाचं संगीत. पियानो, बास, ड्रम, संपलं. लहान मुलांच्या कार्टूनला जॅझ लावायचं हे त्या काळी कोणाच्या डोक्यात आलं असेल! निर्माते ली मेंडेल्सन यांनी गाडीच्या रेडिओवर ग्वराल्डींची एक रचना ऐकली आणि माणूस शोधून काढला. यातलं 'ख्रिसमस टाइम इज हिअर' आधी धूनच होती. शब्द हवेत असं ठरल्यावर मेंडेल्सननी ते स्वतःच एका पाकिटावर खरडले. तबकडीवर दोन्ही रूपं आहेत, मी मुलांच्या आवाजातलं ओलांडून वाद्यांचं लावतो. ड्रमवर काठ्या नाहीत, तारांचे ब्रश आहेत. ते कातड्यावर गोल गोल फिरतात तेव्हा पहाटे लांब कुठेतरी कोणी अंगणात खराटा फिरवतंय असं वाटतं. अंगण मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही, पण वाटतं. 'स्केटिंग'मध्ये पियानोचे स्वर वरून खाली भुरभुरतात. ग्वराल्डी १९७६ साली ४७व्या वर्षी गेले. पुढे दर डिसेंबरात आपण एवढे वाजणार आहोत याची त्यांना काय कल्पना.

दुसरी 'डिसेंबर', जॉर्ज विन्स्टन, १९८२. एकटा पियानो. ही रात्री साडेअकरानंतर, घोडबंदरचे ट्रक जरा विरळ झाल्यावर.

तिसरी पाहुण्यांसाठी: 'द व्हेंचर्स ख्रिसमस अल्बम', पुन्हा १९६५. गिटारवाल्यांचा खोडकरपणा. जवळजवळ प्रत्येक गाण्याची सुरुवात त्या काळच्या कुठल्यातरी गाजलेल्या रॉक धुनेने होते आणि मग हळूच नाताळचं गाणं आत शिरतं. 'रुडॉल्फ' सुरू होतं ते बीटल्सच्या 'आय फील फाइन'सारखं. ओळखा पाहू खेळायला उत्तम.

बोनी एम सुचवू नका. ते डिसेंबरभर प्रत्येक मॉलमध्ये फुकट मिळतं.

आता कोडं. ती कॅसेट माझ्याकडे आहे. १९९६ साली घर सोडताना आंटी माझ्या हातात ठेवून गेल्या. वर निळ्या बॉलपेनाने नुसतं 'ख्रिसमस' लिहिलंय. ए बाजूला कुठल्यातरी तबकडीवरून उतरवलेलं बॉस्टन पॉप्स आहे, ते मी यथावकाश शोधलं. बी बाजूला मात्र अकॉर्डियनवर 'सायलेंट नाइट' आहे, सलग चार वेळा, आणि ते कोणाचं हे मला वीस वर्षं सापडलेलं नाही. तिसऱ्या आवर्तनानंतर मागे बासरीसारखं काहीतरी एकच स्वर लांबवतं आणि थांबतं. आपले अकॉर्डियनवादक एनॉक डॅनियल्स? परदेशी कोणी? फाइल चढवली आहे. जाणकारांनी ऐकावी.

नेरूळची_पेटीवाली | २ डिसेंबर, सकाळी ७:१५

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

मी पेटी शिकवते. डिसेंबरात प्रारंभिक परीक्षेच्या मुलांना मी 'जॉय टू द वर्ल्ड' देते, कारण त्याची पहिली ओळ म्हणजे सरळ बिलावलचा अवरोह आहे: सां नी ध प म ग रे सा. एकही स्वर गाळलेला नाही, एकही वळण नाही. फक्त कुठे थांबायचं नि कुठे पळायचं ते बदललंय. जे पोरगं अलंकार म्हणताना जांभया देतं तेच हे पंचवीस वेळा वाजवतं. आई-वडील विचारतात, "बाई, हे परीक्षेला आहे का?" मी हो म्हणते. अवरोह परीक्षेला असतोच की.

'सायलेंट नाइट'ची सुरुवात प ध प ग. झोका दादरा तालाचा.

आणि तुम्ही उल्लेख न केलेलं, विन्स्टन यांच्या त्याच तबकडीवरचं 'कॅरल ऑफ द बेल्स'. चारच स्वर: कोमल ग, रे, कोमल ग, सा. तीन मात्रांत बसवलेले आणि अखंड फिरणारे. त्यांच्याखाली बाकीचे स्वर सरकत राहतात, म्हणून तेच चार स्वर दर वेळी निराळे लागतात. मूळ गाणं युक्रेनचं, मिकोला लेओन्तोविच यांनी बांधलेलं, १९१६ साली कीवमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. त्यात घंटाही नाहीत आणि नाताळही नाही. एक पाकोळी घरात येते आणि यजमानाला सांगते, बाहेर ये, बघ, तुझ्या मेंढ्यांना कोकरं झालीत. नव्या वर्षाचं शुभवर्तमान. घंटा आल्या १९३६ साली, पीटर विल्हौस्की यांच्या इंग्रजी शब्दांबरोबर.

तुमची फाइल दुपारी ऐकते. आता सातवीतला एक जण दारात उभा आहे.

कोपरखैरणेकर | २ डिसेंबर, सकाळी ९:०२

मराठी संस्थळावर नाताळची इंग्रजी वाद्यं. चालू द्या. भूपाळ्या, वासुदेवाची गाणी कोण ऐकणार मग?

मसुंदाकाठ | २ डिसेंबर, सकाळी ९:४०

@कोपरखैरणेकर, भूपाळी पहाटे, ग्वराल्डी रात्री. वेळा वेगळ्या आहेत हो, भांडण कशाला.

@पेटीवाली, पाकोळी माहीत नव्हती. माझ्या 'शब्द आडवे येतात'ला तुम्ही बळच दिलंत. शब्द बदलले आणि चिमणीची घंटा झाली, धून आहे तिथेच.

नेरूळची_पेटीवाली | २ डिसेंबर, सकाळी ९:५२

पाकोळी. चिमणी नव्हे.

कुपारीण | २ डिसेंबर, रात्री ९:३०

मी वसईची, सामवेदी ख्रिस्ती, लग्नानंतर गेली अठरा वर्षं ठाण्यात. आमच्या चर्चच्या गायकवृंदात आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज, गाते. त्यामुळे हा धागा वाचून आधी हसले आणि मग थोडा राग आला. दोन्ही सांगते.

हसू यासाठी की तुमचा नाताळ १ डिसेंबरला सुरू होतो. आमच्याकडे हा सगळा आगमनकाळ. वाट बघण्याचे दिवस. जांभळी वस्त्रं, संयम, आणि 'ग्लोरिया' ही स्तुती गायची नाही. ती थेट नाताळच्या मिस्सेत. आमचा नाताळ २४च्या रात्री सुरू होऊन जानेवारीत जातो. मॉलमध्ये २६ला झाड उतरवतात तेव्हा आमचा कुठे दुसरा दिवस असतो.

राग 'शब्द आडवे येतात'चा. मसुंदाकाठ, 'सायलेंट नाइट'ची गोष्ट उलटी आहे. योसेफ मोर या तरुण धर्मगुरूंनी १८१६ साली आधी कविता लिहिली. २४ डिसेंबर १८१८ला ती घेऊन ते फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांकडे गेले, गिटारवर गाता येईल अशी चाल बांधा म्हणाले, आणि त्याच रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या छोट्या चर्चमध्ये ती गायली गेली. शब्द नसते तर तुमच्या कॅसेटची बी बाजू कोरीच राहिली असती.

आणि देवघरात चपला घालून उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणता, तर चपला काढा आणि बसा. कोणी उठवत नाही. आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं मराठीतच आहेत. शब्द कळतील तुम्हाला.

अवांतर: घंटांचा विषय निघालाच आहे तर, वसईच्या घंटा ऐकायच्या असतील तर वसईला येऊ नका. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. माझे वडील भीमाशंकरला गेले की घंटेला हात लावून "आमची हाय गं ही" म्हणायचे. पुजारीही हसायचे.

तबकडीतला_तडा | ३ डिसेंबर, रात्री १२:२०

कुपारीणताई, प्रतिसाद फ्रेम करून लावण्यासारखा.

माझी भर: जॉन फेही, 'द न्यू पॉसिबिलिटी', १९६८. एक माणूस आणि पोलादी तारांचं गिटार. तारा नेहमीसारख्या न लावता मोकळ्या छेडल्या तरी सुरात वाजाव्यात अशा लावलेल्या. खालची तार सतत गुणगुणते, वर धून चालते. आपल्या कानाला लगेच घरचं वाटतं, कारण खाली आधार धरून वर गाणं ही आपलीच सवय. गुळगुळीत अजिबात नाही. बोटं तारांवर घासल्याचा आवाज येतो. पाहुण्यांसमोर लावलं तर पाहुणे विचारतात, "हा सराव करतोय का?"

व्हेंचर्सची तबकडी मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवली होती. आली ती वाटीसारखी वाकलेली. कोणीतरी सांगितलं, दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेव. गच्चीवर ठेवली, खाली येऊन चहा घेतला, वर गेलो तर पापड. आता ती भिंतीवर घड्याळ म्हणून आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ला बंद झाल्यापासून हातात घेऊन, उन्हात तिरकी धरून, चरे बघून तबकडी घ्यायचं सुखच गेलं.

तुमची फाइल ऐकली. एनॉक डॅनियल्स नाहीत, पैजेवर सांगतो. त्यांची बोटं फार साफ. हा माणूस दुसऱ्या ओळीत दर वेळी एकाच जागी अडखळतो.

सानपाड्याचा_सॅक्स | ३ डिसेंबर, दुपारी ४:०५

कामातला माणूस बोलतोय. २० ते ३१ डिसेंबर हा आमचा हंगाम. वाशी, सीवूड्स, ठाणे, जिथे बोलावतील तिथे लाल टोपी घालून सॅक्सोफोन. मागच्या वर्षी एका ठिकाणी तीन तासांत 'जिंगल बेल्स' चौदा वेळा वाजवलं. मोजलं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. खाडीकाठच्या दमट हवेत रीड (तोंडाशी असते ती पातळ पट्टी) फुगते, आवाज जाड होतो, आणि समोर एक काका येऊन म्हणतात, केनी जीसारखं वाजवा ना.

केनी जीला लोक नाकं मुरडतात, इथेही कोणीतरी मुरडेलच. 'मिरॅकल्स', १९९४, अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला नाताळचा अल्बम. वाजवून बघा म्हणजे कळेल, तेवढा लांब श्वास आणि तेवढा स्थिर सूर गंमत नाही. मला आवडतो का? नाही. दुधात तीन चमचे साखर. पण माझं घरभाडं त्याने भरलंय.

माझ्यासाठी एकच: ड्यूक एलिंग्टन, 'द नटक्रॅकर सुइट', १९६०. चायकोव्हस्कींचा १८९२चा बॅले, एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी पुरता उसवून पुन्हा शिवलेला. मूळात साखरपरीचा नाच सेलेस्टा या घंट्यांसारख्या किणकिणणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यावर आहे, काचेच्या थेंबांसारखा. यांनी ते नाव 'शुगर रम चेरी' केलं आणि टेनर सॅक्सला दिलं. परी रात्री दोनला, जरा जास्त झालेली, घरी चालली आहे. वाजवणारा पॉल गोन्साल्विस. आपला गोव्याचा माणूस तिकडे!

खारीगावचा_खर्ज | ३ डिसेंबर, रात्री ८:४४

@सॅक्स, एक दुरुस्ती. पॉल गोन्साल्विस गोव्याचे नव्हेत. जन्म अमेरिकेतला, आई-वडील केप व्हर्डीचे. आफ्रिकेच्या पश्चिमेकडची ती बेटंही पोर्तुगीजांचीच होती. म्हणजे आडनाव एकाच दुकानातलं. ठाण्यालाही तेच दुकान होतं, १७३७पर्यंत.

गोव्याचे गोन्साल्विस हवे असतील तर अँथनी गोन्साल्विस. माजोर्ड्याचे, हिंदी चित्रपटांचे वादक आणि संयोजक, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे. १९७७च्या त्या प्रसिद्ध गाण्यातलं नाव त्यांचंच.

आता @कोपरखैरणेकर यांनी वासुदेव काढलाच आहे तर सांगतो. या सगळ्यांत जुनी तबकडी माझी. आर्कांजेलो कोरेल्ली, ओपस ६ या संचातला आठवा कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यवृंदासाठीची रचना. छापून आला १७१४ला, त्यांच्या मृत्यूनंतर. वर लिहिलंय 'नाताळच्या रात्रीसाठी'. शब्द एकही नाही, नुसती तंतुवाद्यं. शेवटी 'पास्तोराले' येतं, तिथे खालची वाद्यं एकच स्वर धरून ठेवतात आणि वर व्हायोलिनं डुलतात. हे कुठून आलं? नाताळच्या आधी डोंगरातले मेंढपाळ रोममध्ये उतरायचे आणि कातडी पिशवीचं वाद्य व सनईचा भाऊबंद घेऊन, रस्त्याकडेच्या मरियेच्या प्रतिमांपुढे वाजवत फिरायचे. लोक त्यांना चार पैसे द्यायचे. म्हणजे ठरावीक दिवसांत गावाबाहेरून येणारा, दारोदार वाजवत जाणारा, देवाची आठवण देऊन दान घेणारा माणूस. कोपरखैरणेकर, हा वासुदेवच की. कोरेल्लींनी त्याला रेशमी अंगरखा घातला एवढंच.

पंधरा-सोळा मिनिटांचं आहे. लोकलने कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली. तेवढ्यात होतं.

सीवूड्सची_नवखी | ४ डिसेंबर, रात्री १:१०

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे १९६५मध्ये अडकलात. नवं पण आहे! चिली गोन्झालेस (अजून एक गोन्झालेस, आणि हा कॅनडाचा) यांचा 'अ व्हेरी चिली ख्रिसमस', २०२०. बहुतेक सगळा एकटा पियानो. ओळखीच्या आनंदी धुना ते मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या स्वरांत, नेतात. त्या वर्षी आम्ही हॉस्टेल सोडून घरी अडकलो होतो, आई-बाबा आतल्या खोलीत विलगीकरणात. मी हॉलमध्ये हेडफोनवर तेच ऐकत होते. तेव्हापासून मूळ, हसरं रूप मला खोटंच वाटतं.

दुसरा बेला फ्लेक आणि फ्लेकटोन्सचा 'जिंगल ऑल द वे', २००८. बँजो! आणि 'जिंगल बेल्स'मध्ये चक्क सैबेरियातल्या तुवाचे कंठगायक, एका गळ्यातून दोन स्वर काढणारे. ग्रॅमी मिळालंय. बाबांनी ऐकून विचारलं, "फ्रिज बिघडला का?"

लिंडसी स्टर्लिंगचं व्हायोलिन, 'वॉर्मर इन द विंटर', २०१७. मधेमधे पाहुणे गायक आहेत, मसुंदाकाका ती ओलांडतील.

एक तक्रार. प्लेलिस्टमध्ये 'नाताळचा शांत पियानो' असं लिहिलेले शेकडो ट्रॅक येतात, वाजवणाऱ्याचं नाव कधी ऐकलेलं नसतं, सगळे दोन मिनिटं दहा सेकंदांचे आणि सगळे सारखे. त्यापेक्षा तो अडखळणारा अकॉर्डियनवाला बरा. निदान दर वेळी तिथेच अडखळतो, म्हणजे माणूस आहे.

कुपारीण | ४ डिसेंबर, सकाळी १०:३०

नवखी, छान लिहिलंस गं. लिहीत जा.

खर्ज, वासुदेवाची जोड अशी लागलीय की मी ती आमच्या फादरांना सांगणार आहे.

नेरूळची_पेटीवाली | ४ डिसेंबर, दुपारी २:५०

फाइल ऐकली. पेटीशी लावून पाहिली. मसुंदाकाठ, तुमची कॅसेट चढी चालते आहे. सूर काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी पडतो, आणि अकॉर्डियन काही तारवाद्य नाही पिळून चढवायला. एक तर कॅसेट उतरवताना तुमच्या यंत्राचा वेग जास्त होता, नाहीतर मुळात भरतानाच मशीन हळू फिरत होतं. वेग कमी करून सूर पांढरी एकला आणा, मग सगळं जागेवर बसेल.

अडखळतात ती जागा सांगू? जिथे धून वर चढते तिथे उजव्या हाताची करंगळी पुरत नाही. हात लहान आहे किंवा बोट दुखरं आहे. माझे निम्मे विद्यार्थी पेटीवर अशाच जागी अडतात.

मसुंदाकाठ | ४ डिसेंबर, रात्री ११:१५

कॅसेट प्लेअरचा पट्टा सैल झाला म्हणून स्टेशनजवळ एकाकडून बदलून घेतला होता. त्याने बहुतेक दुसऱ्याच मापाचा घातला. वेग उतरवून नवी फाइल चढवली आहे. फरक पडलाय. धून आता बसल्या बसल्या वाजवल्यासारखी वाटते, आधी घाईत होती.

कुपारीणताई, 'सायलेंट नाइट'पुरता मी हरलो. 'स्ले राइड'पुरता हरणार नाही.

कोपरखैरणेकर | ५ डिसेंबर, सकाळी ८:५५

घोडा ऐकला. घोडा ठीक आहे. ते कोरेल्ली का कोण ते ऐरोलीच्या सिग्नलला लावलं होतं, अर्ध्यात फोन आला.

सानपाड्याचा_सॅक्स | ५ डिसेंबर, रात्री ११:४८

मसुंदाकाठ, नवी फाइल चांगल्या हेडफोनवर ऐकली. तीन वेळा. हसू नका.

ती बासरी नाही. पिकोलोही नाही. सुरुवातीला हवा फुसफुसते, मग एकदम स्वर धरतो, आणि शेवटी खाली न येता तुटतो. कोणताही वाजवणारा असा थांबत नाही, श्वास संपताना स्वर पडतोच. ती कुकरची शिट्टी आहे.

एक मिनिट चाळीसला खुर्ची करकरते. चौथ्या आवर्तनात, दुसऱ्या शिट्टीच्या आधी, कोणीतरी चालत जातं. सपाता आहेत. हे कुठल्या कंपनीचं नाही हो, कोणीतरी घरी बसून भरलंय.

तबकडीतला_तडा | ६ डिसेंबर, रात्री १२:०३

अंगावर काटा.

सीवूड्सची_नवखी | ६ डिसेंबर, रात्री १२:०५

थांबा थांबा, म्हणजे आंटी???

मसुंदाकाठ | ६ डिसेंबर, पहाटे १:३०

आत्ता ऐकलं. बायकोला उठवून ऐकवलं. शिट्टी आहे. दुसऱ्या शिट्टीनंतर, अकॉर्डियन थांबायच्या जरा आधी, बाईचा आवाज आहे. शब्द लागत नाहीत, पण आवाज आंटींचा आहे, तो मी कुठेही ओळखेन. बायको म्हणाली, "गॅस बंद कर म्हणतायत." असेल.

काका बोटीवर होते. वर्षातून दोन महिने घरी. उजव्या हाताची करंगळी अर्धी नव्हती, बोटीवर कशाततरी सापडली म्हणायचे, आम्हा पोरांना ते बोट बघायची फार हौस. वाजवताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक मोठी काळी पेटी असायची, पितळी कोपऱ्यांची. आम्हाला वाटायचं आत शिवणयंत्र आहे. पावसाळ्यात गॅलरीत पाणी आलं की आम्ही आत जाऊन तिच्यावर बसून पत्ते खेळायचो.